भूक वाढते, पण वजनाचे काय? दीर्घ आजार आणि वैद्यकीय गांजा

विशेष प्रतिनिधी

दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरात रोज दोन वेळा एक मूक लढाई चालू असते. ‘दोन घास तरी खा’ असा आग्रह एका बाजूला आणि ताट दूर सारणारा हात दुसऱ्या बाजूला. कधी मुगाची खिचडी होते, कधी नाचणीची आंबील, कधी रुग्णाच्या आवडीची भाजी. तरीही वजनकाट्यावरचा आकडा आठवड्यागणिक उतरतच राहतो. अशा वेळी कोणीतरी नातेवाईक सांगतो, ‘परदेशात यावर गांजाचे औषध देतात. त्याने चांगली भूक लागते.’ मग इंटरनेटवर शोध सुरू होतो, तेलाच्या लहानशा बाटल्यांच्या जाहिराती दिसू लागतात आणि खचलेल्या घराला आशेचा किरण दिसल्यासारखे वाटते.

या सांगण्यात तथ्य किती? वैद्यकशास्त्राकडे याचे बऱ्यापैकी स्पष्ट उत्तर आहे. गांजातील एका घटकाने भूक वाढू शकते, हे खरे आहे. मात्र भूक वाढली म्हणजे वजन वाढले आणि वजन वाढले म्हणजे गेलेली ताकद परत आली, असा सरळ हिशेब दीर्घ आजारात लागत नाही. हा फरक ध्यानात न घेतल्यास रुग्णाचा मोलाचा काळ आणि कुटुंबाचा पैसा भलत्याच ठिकाणी खर्च होण्याची शक्यता असते.

उपासमार वेगळी, कृशता वेगळी

उपाशी राहिलेल्या निरोगी माणसाचे शरीर आधी साठवलेली चरबी जाळते आणि स्नायू शक्य तितके राखून ठेवते. त्याला पुन्हा अन्न मिळाले की वजन भरून येते. कर्करोग, एड्स, क्षयरोग, हृदयाचा किंवा फुप्फुसांचा जुनाट विकार यांत होणारी घट मात्र निराळ्या प्रकारची असते. वैद्यकीय परिभाषेत तिला ‘कॅकेक्सिया’ म्हणतात. आजारामुळे शरीरात सतत दाह धुमसत राहतो. त्यातून निर्माण होणारी रसायने मेंदूतील भुकेची केंद्रे मंदावतात आणि त्याच वेळी स्नायूंची मोडतोडही सुरू करतात. या रसायनांपैकी एकाला संशोधकांनी सुरुवातीला ‘कॅकेक्टिन’ असेच नाव दिले होते. आज ते टीएनएफ-अल्फा या नावाने ओळखले जाते.

म्हणजे येथे गळती दोन बाजूंनी असते. घरात येणारे उत्पन्न घटते आणि खर्चही वाढतो. केवळ येणे वाढवून असा संसार सावरत नाही, खर्चाची बाजूही आवरावी लागते.

२०११ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने कर्करोगातील कृशतेची व्याख्या निश्चित केली. सहा महिन्यांत आपोआप ५ टक्क्यांहून अधिक वजन घटणे ही तिची प्रमुख खूण मानली जाते. ६० किलो वजनाच्या माणसाच्या बाबतीत ही घट अवघ्या तीन किलोंची होते. कपडे सैल झाल्याचे घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत ही मर्यादा बहुधा ओलांडलेली असते. घटत्या वजनाबरोबर अशक्तपणा वाढतो, केमोथेरपी सोसत नाही, जंतुसंसर्ग लवकर होतो. त्यामुळे भुकेचा प्रश्न हा रुग्णाच्या लाडाकोडाचा प्रश्न नसून उपचारांचाच भाग आहे.

जुनी ओळख, नवे विज्ञान

गांजा आणि भूक यांचे नाते आपल्याकडे नवे नाही. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदीय ग्रंथात भांगेचे वर्णन पाचक आणि अग्नी वाढविणारी असे केलेले आढळते. तिच्या मोह आणि मद निर्माण करणाऱ्या गुणांचीही नोंद तेथेच आहे. आधुनिक वैद्यकात या वनस्पतीचा शिरकाव झाला तोही भारतातूनच. कोलकात्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील आयरिश डॉक्टर विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९ मध्ये आपल्या प्रयोगांची माहिती प्रसिद्ध केली. संधिवाताच्या रुग्णांना गांजाचा अर्क दिल्यावर त्यांची भूक लक्षणीय वाढल्याचे त्यांनी नमूद केले होते.

असे का होते, याचा उलगडा व्हायला मात्र सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला. १९६४ मध्ये इस्रायलमधील राफाएल मेकुलम आणि येहिएल गाओनी यांनी गांजातील नशा आणणारा मुख्य घटक वेगळा करून त्याची रचना निश्चित केली. तो घटक म्हणजे टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, अर्थात टीएचसी. १९९० मध्ये हा घटक मेंदूतील ज्या रिसेप्टरवर बसतो, त्या ‘सीबी-१’ची जनुकीय ओळख पटली. टीएचसी ही किल्ली मानली, तर सीबी-१ हे तिचे कुलूप म्हणता येईल. पण निसर्गाने हे कुलूप गांजासाठी थोडेच बनविले असणार? शरीराची स्वतःची किल्ली कोणती, याचा शोध १९९२ मध्ये मेकुलम यांच्याच प्रयोगशाळेत लागला. त्या पदार्थाला संशोधकांनी संस्कृतातील ‘आनंद’ या शब्दावरून ‘आनंदामाइड’ हे नाव दिले.

भूक, वासाची जाणीव, मळमळ, वेदना आणि मनःस्थिती या सर्वांवर या यंत्रणेचा अंमल चालतो. २०१४ मध्ये उंदरांवरील संशोधनात असे दिसले, की सीबी-१ उद्दीपित झाल्यावर उपाशी उंदरांना वास अधिक तीव्रतेने जाणवतो आणि ते जास्त खातात. केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांची ‘सगळे मातीसारखे लागते’ ही तक्रार या दृष्टीने विचार करण्याजोगी आहे.

या कुलपाची दुसरी बाजूही एका औषधाने दाखवून दिली. सीबी-१ बंद करून भूक मारणारे ‘रिमोनाबांट’ हे औषध २००६ मध्ये युरोपात लठ्ठपणावर उपलब्ध झाले. मात्र ते घेणाऱ्यांमध्ये नैराश्य आणि इतर मानसिक त्रास वाढल्याचे आढळल्याने २००८ मध्ये ते बाजारातून काढून घेण्यात आले. भूक आणि मन यांच्या तारा एकाच ठिकाणी जोडलेल्या आहेत, हा त्यातून मिळालेला धडा होय. गांजाने भूक वाढविताना मनावर परिणाम होणे हेही म्हणूनच अपघाताने घडत नाही.

एड्सच्या साथीतील अनुभव

वैद्यकीय गांजाचा आजचा इतिहास घडला तो अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात. १९८० च्या दशकात तेथे एड्सचे तरुण रुग्ण अक्षरशः हाडांचा सापळा होऊन मरत होते. विषाणूला आवर घालणारी प्रभावी औषधे तेव्हा नव्हती. अनेक रुग्णांना गांजा ओढल्याने मळमळ थांबून चार घास पोटात जात असल्याचा अनुभव येत होता. मेरी रॅथबन नावाच्या वृद्ध महिला गांजा घातलेले ब्राउनी केक भाजून रुग्णांना मोफत वाटत. त्यासाठी त्यांना अटकही सोसावी लागली. ‘ब्राउनी मेरी’ या नावाने त्या देशभर प्रसिद्ध झाल्या. या चळवळीतूनच १९९६ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने जनमताद्वारे वैद्यकीय गांजाला मान्यता दिली.

अनुभवाला चाचणीची जोडही याच काळात मिळाली. कृत्रिमरीत्या तयार केलेल्या टीएचसीच्या ‘ड्रोनॅबिनॉल’ या कॅप्सूलला अमेरिकी औषध प्रशासनाने १९८५ मध्ये केमोथेरपीमुळे होणाऱ्या उलट्यांसाठी आणि १९९२ मध्ये एड्समधील भूकमंदता व वजनघटीसाठी परवानगी दिली. या औषधाची १३९ एड्स रुग्णांवरील सहा आठवड्यांची चाचणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. ड्रोनॅबिनॉल घेणाऱ्यांची भूक सरासरी ३८ टक्क्यांनी वाढली. औषध नसलेली, दिसायला तशीच कॅप्सूल घेणाऱ्यांमध्ये ही वाढ ८ टक्के होती. वजनाचे आकडे मात्र एवढे बोलके नव्हते. औषध घेणाऱ्यांचे वजन जवळपास होते तेथेच राहिले, तर दुसऱ्या गटाचे सरासरी ४०० ग्रॅमने घटले. घसरण थांबली, हे त्या रुग्णांच्या दृष्टीने थोडे नव्हते. पण भुकेतील मोठी वाढ वजनात तेवढ्याच प्रमाणात उतरली नाही, हेही तितकेच खरे.

एड्समधील ही भयंकर कृशता पुढे ओसरली, ती मुख्यतः १९९६ नंतर आलेल्या विषाणूरोधक औषधांच्या एकत्रित उपचारांमुळे. भारतात १ एप्रिल २००४ पासून हे उपचार सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागले आणि महाराष्ट्राचा समावेश सुरुवातीच्या राज्यांतच होता. मूळ आजाराला लगाम बसला, की शरीर भरू लागते. गांजाने त्या कठीण काळात साथ दिली, पण वजन परत आणले ते मूळ रोगावरील उपचारांनी.

कर्करोगात अपेक्षाभंग

एड्समध्ये काही उपयोग झाला, तर तो कर्करोगातही होईल, अशी आशा साहजिक होती. तिची कसोटी दोन मोठ्या चाचण्यांत लागली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत बळावलेल्या कर्करोगाचे ४६९ रुग्ण सहभागी होते. त्यांना ड्रोनॅबिनॉल, ‘मेजेस्ट्रॉल’ हे संप्रेरक गटातील जुने औषध किंवा दोन्ही एकत्र देण्यात आले. भूक सुधारल्याचे मेजेस्ट्रॉल घेणाऱ्यांपैकी ७५ टक्के, तर ड्रोनॅबिनॉल घेणाऱ्यांपैकी ४९ टक्के रुग्णांनी सांगितले. वजनात १० टक्के किंवा अधिक वाढ अनुक्रमे ११ आणि ३ टक्के रुग्णांत दिसली. दोन्ही औषधे एकत्र दिल्याने जास्तीचा लाभ झाला नाही.

दुसरी चाचणी युरोपातील असून ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात २४३ रुग्णांना गांजाचा संपूर्ण अर्क, शुद्ध टीएचसी किंवा निरौषधी कॅप्सूल देण्यात आली. कोणाला काय दिले आहे, हे रुग्णांना वा डॉक्टरांना ठाऊक नव्हते. भूक वाढल्याचे अर्क घेणाऱ्यांपैकी ७३ टक्के आणि टीएचसी घेणाऱ्यांपैकी ५८ टक्के रुग्णांनी सांगितले. ज्यांच्या कॅप्सूलमध्ये औषधच नव्हते, त्यांच्यातही हे प्रमाण ६९ टक्के निघाले! तिन्ही गटांत अर्थपूर्ण फरक दिसण्याची शक्यता उरली नाही, तेव्हा ही चाचणी मध्येच थांबविण्यात आली.

‘आमच्या नातेवाइकाला तेल दिले आणि भूक लागली’ असे सांगणारे खोटे बोलत नसतात, हे या शेवटच्या आकड्यावरून कळते. नवे औषध मिळाल्याची आशा, डॉक्टरांची विचारपूस, घरच्यांचे लक्ष यांनीही भूक सुधारते. ती सुधारणा खरी असते, फक्त तिचे श्रेय बाटलीला जात नाही.

अर्थात, गांजातील घटकांना कर्करोगाच्या उपचारांत स्थानच नाही, असेही नाही. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या केमोथेरपीच्या उलट्यांसाठी ड्रोनॅबिनॉल किंवा त्याच जातीचे ‘नॅबिलोन’ वापरण्याचा पर्याय अमेरिकी कर्करोगतज्ज्ञ संघटनेने २०२४ मधील मार्गदर्शक सूचनांत ठेवला आहे. उलट्या थांबल्या, की खाणेही सुधारते. कर्करोग बरा करण्यासाठी गांजाचा वापर मात्र चाचण्यांबाहेर करू नये, असे त्याच सूचनांत बजावलेले आहे.

बाटलीत नेमके काय?

भारतीय ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न पुढेच आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार झाडाचे फुलोरे म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस. बिया आणि पाने फुलोऱ्यासोबत नसतील, तर ती गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. पानांच्या भांगेचे नियमन राज्ये आपापल्या कायद्यांनी करतात. गांजा एक किलोपर्यंत बाळगल्यासही एक वर्षापर्यंत कैद, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वैद्यकीय आणि वैज्ञानिक उपयोगाला कायद्यात वाव आहे, पण तो परवान्यांच्या चौकटीत. रुग्णासाठी म्हणून कोणी चोरट्या बाजारातून गांजा आणला, तर आजारपण ही सबब कायद्यापुढे टिकत नाही. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत कडक यादीतून वगळले आणि भारताने त्या बाजूने मत दिले. तथापि, त्यामुळे देशातील कायदा आपोआप बदललेला नाही.

या चौकटीतून वाट काढत अलीकडच्या वर्षांत पानांच्या अर्काची तेले ‘विजया’ या आयुर्वेदीय नावाने, आयुष परवान्याखाली आणि वैद्यांच्या चिठ्ठीवर विकली जाऊ लागली आहेत. दुसरीकडे, गांजाच्या बिया आणि त्यांचे तेल यांना अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. यांतील फरक ग्राहकाने समजून घेतला पाहिजे. बियांच्या तेलात टीएचसी नाममात्र असते. ते पौष्टिक असेल, पण भुकेचे औषध नव्हे.

‘नशा न आणणारे’ अशी जाहिरात असलेल्या सीबीडी तेलांबाबत तर गैरसमज उलटाच आहे. भूक वाढविणारा घटक टीएचसी आहे, सीबीडी नव्हे. शुद्ध सीबीडीचे औषध अमेरिकेत २०१८ मध्ये लहान मुलांच्या काही दुर्धर अपस्मारांसाठी मान्य झाले. त्याच्या माहितीपत्रकात भूक मंदावणे आणि वजन घटणे हे दुष्परिणाम म्हणून नोंदविलेले आहेत. ज्या कारणासाठी बाटली आणली, नेमके त्याच्या विरुद्ध घडण्याचा हा धोका आहे.

धोके कोणाला?

टीएचसीमुळे चक्कर, गुंगी, गोंधळ, छातीत धडधड आणि उभे राहताना रक्तदाब उतरणे असे त्रास होतात. आधीच अशक्त झालेल्या वृद्ध रुग्णाच्या बाबतीत त्याचा अर्थ पडणे आणि हाड मोडणे असा होऊ शकतो. तोंडाने घेतलेल्या औषधाचा परिणाम दिसायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो. ‘काहीच झाले नाही’ असे समजून पुन्हा मात्रा घेतली, की दोन्हींचा अंमल एकदम चढतो. होळीच्या दिवशी भांग प्यालेल्यांची जी गत अनेकांनी पाहिली आहे, तिचे कारणही बहुधा हेच असते.

स्वतःला किंवा कुटुंबात कोणाला स्किझोफ्रेनियासारखा मनोविकार असल्यास, तसेच हृदयविकार असल्यास धोका अधिक असतो. रक्त पातळ करणारे वॉरफॅरिन आणि काही झटकेरोधक औषधे यांच्याशी गांजातील घटकांची आंतरक्रिया होते. प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाला गांजावरील बुरशीमुळे फुप्फुसांचा गंभीर संसर्ग होऊ शकतो. शिवाय दीर्घकाळ नियमित सेवन करणाऱ्या काहींमध्ये उलट्यांचे अनावर झटके येतात. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी या विकाराचे प्रथम वर्णन केले. उलट्या थांबविण्यासाठी घेतलेली वस्तूच उलट्यांचे कारण ठरावी, हा मोठा विरोधाभास होय.

सर्वांत मोठा धोका मात्र लपविण्याचा आहे. ‘डॉक्टर रागावतील’ या भीतीने रुग्ण किंवा नातेवाईक तेलाचा विषय काढत नाहीत. मग अचानक आलेली गुंगी किंवा बिघडलेला रक्ततपासणी अहवाल पाहून डॉक्टर भलतीकडेच कारण शोधत राहतात.

मग करावे काय?

भूक का गेली, हे आधी शोधणे आवश्यक आहे. तोंडातील फोड, दाबून ठेवलेली वेदना, मॉर्फिनमुळे होणारा बद्धकोष्ठ, सततची मळमळ, नैराश्य, थायरॉइडचा बिघाड यांपैकी प्रत्येकावर उपचार आहेत. क्षयरोगासारख्या आजारात तर अन्नाचेच मोल औषधाइतके ठरते. झारखंडमधील क्षयरुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वजन वाढलेल्या रुग्णांत मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी असल्याचे त्यात आढळले. क्षयरुग्णांना पोषणासाठी सरकारकडून मिळणारी मासिक मदत नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून एक हजार रुपये करण्यात आली आहे. तिचा लाभ मिळतो की नाही, याची चौकशी घरच्यांनी अवश्य करावी.

कर्करोगाच्या रुग्णांसाठी सर्वांत आशादायक बातमी भारतातूनच आली आहे. पुदुच्चेरी येथील ‘जिपमेर’ या केंद्रीय संस्थेत जठर, यकृत-स्वादुपिंड परिसर आणि फुप्फुसाच्या कर्करोगाच्या १२४ रुग्णांवर ‘ओलान्झापिन’ या जुन्या मानसोपचार औषधाची चाचणी झाली. केमोथेरपीसोबत रोज अवघे अडीच मिलिग्रॅम औषध १२ आठवडे देण्यात आले. ५ टक्क्यांहून अधिक वजनवाढ औषध घेणाऱ्यांपैकी ६० टक्के, तर निरौषधी गटातील केवळ ९ टक्के रुग्णांत झाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनंतर अमेरिकी कर्करोगतज्ज्ञ संघटनेने त्याच वर्षी आपल्या सूचनांत या औषधाचा समावेश केला. हे औषध सहज मिळणारे आणि स्वस्त आहे. अर्थात तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावयाचे. मेजेस्ट्रॉलने रक्ताच्या गुठळ्या होण्याचा, तर स्टिरॉइडने दीर्घ वापरात स्नायू आणखी दुबळे होण्याचा धोका असल्याने त्यांचा वापर मोजूनमापून केला जातो.

खर्चाच्या बाजूवर, म्हणजे स्नायूंच्या मोडतोडीवर, घाव घालणारे संशोधनही पुढे सरकले आहे. भूक मारणाऱ्या ‘जीडीएफ-१५’ या रसायनाला अडविणाऱ्या ‘पॉन्सेग्रोमॅब’ या प्रतिपिंडाची १८७ कर्करुग्णांवरील चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. सर्वाधिक मात्रा घेणाऱ्यांचे वजन १२ आठवड्यांत निरौषधी गटाच्या तुलनेत २.८ किलोंनी वाढले.

घरी करण्यासारखेही पुष्कळ आहे. भरल्या ताटाऐवजी दर दोन-अडीच तासांनी वाटीभर अन्न द्यावे. पेजेत तूप, खिचडीत जास्तीची डाळ, दह्यात शेंगदाण्याचे कूट, चालत असल्यास अंडे, असे थोड्या घासांत अधिक पोषण देणारे पदार्थ निवडावेत. वासाने मळमळत असेल, तर अन्न गार करून द्यावे. रुग्णाला झेपेल एवढे चालणे स्नायूंना आधार देते. दर आठवड्याला, त्याच दिवशी, त्याच काट्यावर वजन करून ते वहीत लिहून ठेवावे आणि ती वही प्रत्येक भेटीत डॉक्टरांना दाखवावी.

आजाराच्या अगदी शेवटच्या टप्प्यात शरीरच अन्न नाकारू लागते. तेव्हा जबरदस्तीने भरविलेल्या घासाने आयुष्य वाढत नाही, रुग्णाचा त्रास तेवढा वाढतो. ‘खात नाही म्हणून खंगतोय’ असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात आजारामुळे शरीर खंगत असते आणि म्हणून तो खात नाही. हे उमगले, की ताटावरून होणारी रोजची लढाई थांबते. जेवणाच्या वेळी रुग्णाशेजारी निवांत बसणे आणि तो घेईल तेवढ्या घासावर समाधान मानणे, ही देखील शुश्रूषाच आहे.